१९७१ ची जावा, पुणे ते म्हैसूर, पावसात: वाटेत आपलं कोण कोण आहे?

दोन_सायलेन्सर (पुणे)
नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. माझ्याकडे १९७१ ची जावा २५० आहे, मरून रंग, ६ व्होल्ट, सगळं मूळचं. इंजिन नुकतंच बोअर करून घेतलंय, रनिंग-इन झालंय, सिंहगड, पानशेत, वाई असं सगळं मस्त चालते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डे असतो, तो या वेळी म्हैसूरला जाऊन करायचा असं डोक्यात शिरलंय, गाडी जिथे बनली तिथेच. कारखाना १९९६ ला बंद पडला हे माहितीये, बघायला काही मिळणार नाही, तरी जायचंय.

प्रश्न असे की एकट्याने जाऊ का बॅकअपला कार घेऊ? पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं (प्रत्येक जण वेगळं सांगतो)? पावसाचं काय? आणि गाडी ५० वर्षांच्या वर गेलीये तर ती विंटेजमध्ये नोंदवून मग निघावं का? बायको म्हणते रेल्वेने पार्सल कर आणि तिथे जाऊन फिरव, तिला उत्तर देण्यापुरती तरी माहिती द्या. आणि मुख्य म्हणजे सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे या पट्ट्यात जावावाले कोण आहेत? ओळख नसताना एकदम फोन करणं बरं दिसतं का, हेही सांगा.

उद्यमनगरचा_पिस्टन (कोल्हापूर)
भावा नाद खुळा प्लॅन हाय. बॅकअप कार कशाला, कार घेऊनच जायचं असेल तर मग जावा घरीच ठेव की. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे-तीस किलोमीटर, पहाटे निघालास तर दुपारी जेवायला इथं. खंबाटकीचा घाट चढताना ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरात अडकलास की इंजिन तापणार, वर पोचल्यावर पाच मिनिटं थांब, चहा पी. रस्त्याचं काम चालू असलं की डायव्हर्जनला खडी असते, सोळा इंची चाकाला ती लई त्रास देते.

इथं शिवाजी उद्यमनगरात काय बी तुटूदे, टर्निंग, वेल्डिंग, बोअर, सगळं एका गल्लीत होतंय. आमच्याकडं चारपाच जण हायत जावावाले. पण एक काम कर, निघायच्या आदल्या आठवड्यात फोन टाक. बंद पडल्यावर फोन करणारे लई असतात, तेव्हा माणूस शेतात असतोय नाहीतर लग्नात. आधी सांगितलंस की आम्ही एक माणूस मोकळा ठेवतो, आणि टायरची ट्यूब न कंडेन्सर (इग्निशनमधला बारका पार्ट) काढून ठेवतो. फोन करायला लाजू नकोस, दोन सायलेन्सरचा आवाज आला की आमचा माणूस पानपट्टीवरनं उठून बाहेर येतोयच, ओळख काय विचारतोस.

जुना_मिस्त्री (नाशिक)
ऑइलवरून वाद घालण्यात लोकांची हयात गेली, मी वादात पडत नाही, एवढंच सांगतो की हायवेवर ताशी ६०-६५ ने तासन्‌तास पळवायची असेल तर लिटरला ४० मिली टाका. शहरात फिरवताना ३० ला चालत असेल तुमची, चालू द्या, पण टूरला नाही. थोडा धूर जास्त येईल, प्लगवर थोडा कार्बन जास्त बसेल, प्लग बदलता येतो, पिस्टन रस्त्यावर बदलता येत नाही. ऑइल बरोबर घेऊन निघा, आता टू-स्ट्रोक उरल्या नाहीत त्यामुळे पंपावर टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल असेलच असं समजू नका. आणि मोजायला मापाची बाटली ठेवा, अंदाजपंचे ओतू नका.

खरा मुद्दा ऑइलच्या पुढचा आहे. आता सगळीकडे ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे तेवढ्याच जेटवर (कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि आपल्या गाड्यांना गार करायला वाऱ्याशिवाय काही नाही. जिकोव्ह कार्बुरेटर असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या म्हणजे नीडल वर येते, मग वीसेक किलोमीटर नेहमीच्या स्पीडने पळवा, चालू इंजिन तसंच बंद करून क्लच दाबून बाजूला घ्या आणि प्लग काढून बघा. चॉकलेटी दिसला तर बरोबर, पांढरट दिसला तर निघूच नका, अजून मोठा जेट लागेल. पेट्रोलचा जुना रबरी पाइप फेकून द्या, इथेनॉलने तो आतून फुगतो आणि त्याचे कण कॉकमधून खाली जेटमध्ये जातात. चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बुरेटर रिकामा करा.

बोअर करून घेतलंत म्हणता, क्रँकचे ऑइल सील बदलले का? हे कुणी विचारतच नाही. डावीकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं, ते निदान दिसतं तरी. उजवीकडचं, म्हणजे डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर नुसती हवा ओढते, काहीच दिसत नाही, गाडी उलट जरा चपळ वाटते, आयडलिंग आपोआप वाढतं, आणि मग निपाणीच्या पुढे कुठेतरी पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. तेव्हा नुसता बोअर केला असेल तर निघण्याआधी सील बदलून घ्या, सील स्वस्त असतात.

लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी सोडून देऊ नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, इंजिन मात्र फिरतंच असतं. तवंदी घाट उतरताना मधूनमधून थोडा थ्रॉटल द्या. आणि कधी वाटलं की गाडी अचानक मागे खेचल्यासारखी झाली, आवाज बदलला, तर लगेच क्लच दाबा, बाकी काही करू नका. गार होऊ द्या, पाणी मारू नका, अर्ध्या तासाने हळूच किक फिरवून बघा. बहुतेक वेळा निघते.

ई_स्टार्ट_प्रेमी (ठाणे)
काका एवढं सगळं करण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा आणि १२ व्होल्ट करून टाका ना, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट-कंडेन्सरचा विषयच संपला, हेडलाइटही दिसेल. ६ व्होल्टच्या मेणबत्तीवर पावसात हायवे म्हणजे जिवावर उदार होणं आहे.

जुना_मिस्त्री (नाशिक)
हेडलाइटचं मान्य. म्हणूनच अंधारात चालवूच नये, उजाडल्यावर निघा आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठा. पण इग्निशनचं नाही पटत. पॉइंट बिघडला तर चित्रदुर्गातला साठीचा मिस्त्री पण काचकागद मारून चालू करून देईल. तुमचा इलेक्ट्रॉनिक बॉक्स गेला तर नवीन मागवण्याशिवाय गत्यंतर नाही. गावात फिरायला बसवा खुशाल.

येझदी_आणि_कुंदा (बेळगाव)
दादा, बेळगावात मुक्काम आमच्याकडे करा, गाडी आत अंगणात लागेल, पावसात बाहेर राहणार नाही. उद्यमबागेत ओळखीचे मिस्त्री पण आहेत. तुम्ही फोनबद्दल विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी येझदी राणेबेन्नूरच्या पुढे बंद पडली होती. गार असताना सुरू व्हायची, दहा-बारा किलोमीटर पळायची, तापली की मरायची, परत गार झाली की सुरू. ग्रुपवर मेसेज टाकला, लोकेशन आणि कव्हर उघडून पॉइंटचा व्हिडिओ, त्यात मोठी निळी ठिणगी उडताना दिसत होती. दावणगेरेहून एका माणसाचा कन्नडमध्ये व्हॉइस मेसेज आला, कंडेन्सर, हलू नका, येतो. धान्याचं दुकान आहे त्यांचं, दुकान मुलावर सोडून आले, आणि येताना स्वतःच्याच गाडीचा कंडेन्सर काढून आणला होता. छत्री मी धरली, त्यांनी स्क्रू दातात धरून जुना काढला, नवीन बसवला, मग खिशातून स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड काढून पॉइंटच्या मधून दोनदा ओढलं, काळं झालेलं कार्ड मलाच दिलं की यावर नंबर आहे, पुढे काही झालं तर फोन करा! पैसे घेईनात. घरी आल्यावर मी दोन नवे कंडेन्सर त्यांना कुरिअर केले. तसंच करायचं असतं, कुणी पार्ट दिला तर पार्टच परत पाठवायचा, पैसे पुढे केले की लोकांना उगाच अवघडल्यासारखं होतं. मेहनतीवर पोट असलेला मिस्त्री असेल तर मात्र मजुरी द्यायचीच, तो नको म्हणाला तरी.

मेसेज टाकताना मॉडेल, साल, लक्षणं आणि लोकेशन एकदम टाका. नुसतं 'गाडी बंद पडली, हेल्प' टाकलं की वीस जण वीस प्रश्न विचारतात आणि तुमची बॅटरी संपते. मोठा पार्ट लागला तर पुण्यात नाना पेठेतून किंवा बेंगळुरूच्या जेसी रोडवरून कुणीतरी घेऊन रात्रीच्या बसने टाकतं, सकाळी स्टँडवर उचलायचा. पण तुमचे १६ इंची टायर-ट्यूब वाटेत मिळायचे नाहीत, ट्यूब बरोबर ठेवाच. आणि टायर लिव्हर पण, हायवेला सगळे ट्यूबलेसवाले झालेत.

रस्ता असा घ्या: हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, हिरियूरपर्यंत हायवे, आणि हिरियूरला बेंगळुरूचा रस्ता सोडून उजवीकडे हुळियार, चिक्कनायकनहळ्ळी, नागमंगला, श्रीरंगपट्टण. बेंगळुरूला शिरूच नका. बेंगळुरू-म्हैसूर नव्या एक्सप्रेसवेच्या मुख्य रस्त्यावर ऑगस्ट २०२३ पासून दुचाकीला बंदी आहे, सर्व्हिस रोडने रखडत जावं लागतं. नागमंगल्याकडचा रस्ता नारळीच्या बागांतून जातो, आपल्या गाडीच्या स्पीडला अगदी योग्य. पाऊस तुम्हाला धारवाडपर्यंत छळेल, दावणगेरेच्या पुढे बराच कमी होतो.

कागदपत्र (सोलापूर)
विंटेज नोंदणीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. दोन_सायलेन्सर, घाई करू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी विंटेजमध्ये नोंदवता येते, फी २० हजार, १० वर्षांसाठी, नंबरात राज्याच्या कोडनंतर व्हीए येतं. ऐकायला भारी वाटतं पण अट अशी की ती गाडी नियमित वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हैसूरच्या कार्यक्रमाला जाताय हे पटवून देता येईलही, पण मग एरवी वाईला मिसळ खायला जाणं नियमात बसत नाही. साधं आरसी असेल आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण होत असेल तर तेच राहू द्या, पर्यावरण कर भरा, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू ठेवा. कर्नाटकात थोड्या दिवसांसाठी एनओसी वगैरे लागत नाही. चेसिस नंबर वाचता येईल असा घासून ठेवा, आणि आरसीवरचा आकडा न आकडा जुळवून बघा, जुन्या हस्तलिखित पुस्तकावरून कॉम्प्युटरवर चढवताना बऱ्याच गाड्यांचे आकडे चुकलेत.

दोन_सायलेन्सर (पुणे)
मंडळी, एवढ्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती. मिस्त्रीकाका, सील बदललेले नाहीत, उद्याच गाडी देतोय. पेट्रोलचा पाइप पण. कागदपत्र, आरसीत इंजिन नंबरचा एक आकडा खरंच वेगळा निघाला, ते आधी मार्गी लावतो. येझदीताई, मुक्कामाचं नक्की, कळवतो.

क्लच केबलचं विचारायचं राहिलं, जादा केबल आत्ताच जुन्या केबलीशेजारून ओवून ठेवू का सामानात ठेवली तरी चालेल? माझी आत्ताची बरी दिसतेय.

जुना_मिस्त्री (नाशिक)
थ्रॉटलची ओवून ठेवा, ती तुटली तर गाडी जागची हलत नाही. क्लचची सामानात चालेल. जावाचा गिअर लिव्हर पायाने दाबला की क्लच आतून आपोआप सुटतो, हँडलचा लिव्हर न दाबताही गिअर पडतात. थांब्यावरून निघताना पहिला गिअर टाकून गिअर लिव्हर पायाने तसाच दाबून धरा आणि थ्रॉटल देत पाय हळूहळू सोडा. घरासमोर एकदा करून बघा, एक-दोनदा गाडी झटका देईल, मग जमतं.

उद्यमनगरचा_पिस्टन (कोल्हापूर)
सील बसवल्यावर शे-दोनशे किलोमीटर पळवूनच निघ रे. आणि येताना नाना पेठेतनं डायनॅमोचे कार्बन ब्रश चार जोड आण, इथले संपलेत, पैसे इथं आल्यावर देतो.

दोन_सायलेन्सर (पुणे)
आणतो. ६ व्होल्टचे बल्ब पण हवेत का?

उद्यमनगरचा_पिस्टन (कोल्हापूर)
मागच्या लाइटचे दहा आण.