लेकरू एकटं निघतंय : काय शिकवलं, काय राहिलं?

ओलीमाती
काल माळा आवरताना माझी जुनी कापडी पिशवी सापडली. चोरकप्प्यात बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. घड्या पडून पडून पार मऊ झालेली. दोन पत्ते, तीन फोन नंबर आणि खाली रेघ मारून लिहिलेलं, 'रात्री 12 नंतरची गाडी असेल तर तारीख दोनदा बघ.' तेव्हा मी 17 वर्षांची, पहिल्यांदाच एकटी निघालेली. तिकीट 14 तारखेचं, गाडी 00:20 ची. म्हणजे 13 च्या रात्रीच घर सोडायचं. मी 14 च्या रात्री निघणार होते!

चिठ्ठी हातात घेऊन तशीच बसून राहिले. थोरली दोन महिन्यांनी कॉलेजसाठी बाहेर पडतेय. तिला आपण काय काय शिकवलं ते आठवायला लागले, तर सगळं मीच करत आलेय. तिकीट मी काढते, बॅग मी भरते, डॉक्टरांशी मी बोलते. मागच्या आठवड्यात तिचा घसा धरला होता. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? तिने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी जीभ दाताखाली धरून भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. ती म्हणाली, तीन दिवस. मग थांबली, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, नाही, पाच. रविवारपासून. तेवढ्या वेळात माझ्या हाताला घाम फुटला होता.

तुमच्याकडे कसं झालं ते लिहा. काय शिकवलंत, काय राहून गेलं. लहानसहानही चालेल.

रानपाखरू
तारखेचं अगदी अगदी! आमच्याकडे विमान होतं, 00:55 चं. चिरंजीव 24 तास उशिरा बॅग घेऊन हजर. तिकीट बुडालं. घरी कोणी ओरडलं नाही, पण दुसरं तिकीट त्यालाच काढायला लावलं, पैसे आम्ही भरले. तेव्हाच त्याला कळलं की तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या ठिकाणची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या ठिकाणची. नऊ तासांचा प्रवास त्याला चारच तासांचा दिसत होता.

भिरभिरं
सिमचा पिन!! कोणीच लिहिलं नाही अजून. मुलीने सुरक्षित राहावं म्हणून सिमला पिन लावला आणि फोन बंद पडून चालू झाल्यावर विसरली. तीनदा चुकला की सिम अडकतं, मग पीयूके कोड मागतं. तो कोड ज्या कार्डातून सिम आलं त्याच्यावर असतो, आणि ते कार्ड घरातल्या ड्रॉवरमध्ये. तो कोडही दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. शेजारच्या बाईंनी आपला फोन पुढे केला, तर हिला आमचा एकही नंबर पाठ नाही. स्वतःचाच तेवढा येत होता. तासभर बसून होती बिचारी. आता जेवायला बसलं की नंबर म्हणून दाखवायचे, तीन जणांचे.

शेवंती
आत्ता लेकाला विचारलं. बाबांचा नंबर येत नाही. 16 वर्षांचा घोडा. आज रात्रीपासून सुरू.

पाऊलवाट
मी बाप म्हणून लिहितो, थोडं लांबेल. आम्ही टप्पे ठरवले होते. पहिल्या प्रवासात मुलगी पुढे, मी दहा पावलं मागे, तोंडातून अक्षर काढायचं नाही. फलाट तिने शोधायचा, चुकला तर तिनेच परत फिरायचं. दुसऱ्या वेळी गाडी तीच, डबे वेगळे. तिसऱ्या वेळी एकटी.

तिसऱ्या वेळी माझं काळीज काही मानेना. तिला न सांगता मी मागच्या डब्यात चढलो. ती एक स्टेशन आधीच उतरली. मी पण उतरलो आणि खांबाआड उभा राहिलो. तिने फलाटावरचं नाव वाचलं, फोन बघितला, परत नाव वाचलं. पाठीवरची बॅग काढून पोटाशी धरली. दोन माणसं आपणहून विचारायला आली, त्यांना मान हलवून नाही म्हणाली आणि चालत जाऊन लहान मूल घेतलेल्या एका बाईला विचारलं. पुढच्या गाडीला 40 मिनिटं होती. बाकावर बसली, पाणी प्यायली. मला तिथेच तिला मिठी मारावीशी वाटत होती.

घरी आल्यावर इतक्या अभिमानाने सगळं सांगितलं तिने की मला राहवलं नाही, खरं सांगून टाकलं. एकदम गप्प झाली. मग म्हणाली, म्हणजे मी एकटी नव्हतेच. दोन दिवस बोलली नाही. मी माफी मागितली. अजूनही ते मनाला लागून आहे. सोबत जायचं तर सांगून जा, नाहीतर घरी थांबा.

ओलीमाती
पाऊलवाट दादा, डोळ्यात पाणी आलं. तुमचंही कळतं आणि तिचंही.

दवबिंदू
मी नर्स आहे, औषधांचं लिहिते. मुलांना गोळीचं फक्त वरचं नाव माहीत असतं, आत काय आहे ते नाही. पॅरासिटामॉल तापाच्या गोळीत असतं तसं सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही असतं. दोन्ही घेतल्या की डोस दुप्पट, आणि जास्त झालं की यकृताला धोका. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायची सवय लावा. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान 4 तास, 24 तासांत चार वेळांच्या वर नाही. कशाची अ‍ॅलर्जी असेल तर फोनच्या आपत्कालीन माहितीत भरून ठेवा, लॉक न उघडताही ती बघता येते. आत्ताच भरा, मग भरू म्हणत राहून जातं.

रानपाखरू
पॉवर बँकही लिहा कोणीतरी. चेक इन बॅगेत टाकायची नाही, जवळच्या बॅगेतच. आमचीच बॅग बाजूला काढली होती.

शेवंती
20,000 एमएएचची चालते का?

रानपाखरू
चालते. मर्यादा 100 वॅट तासांची. पॉवर बँकेवर लिहिलेले एमएएच गुणिले 3.7, भागिले 1000. तुझी 74 भरते. पण कंपनीचे नियम एकदा बघून घे, आता काही ठिकाणी विमानात वापरू देत नाहीत.

शेवंती
थँक्यू गं. हिशोब लेकाकडूनच करून घेते.

उनाडवारा
मी मुलांच्या बाजूने लिहितो. घर सोडून दोन वर्षं झाली. आई दर तासाला फोन करायची, मी वैतागून उचलायचो नाही, ती आणखी घाबरायची. शेवटी ठरलं की निघालो की एक मेसेज, पोचलो की एक. तेवढे मी कधीच चुकवले नाहीत.

पण एक सांगतो. पहिल्या वर्षी शेवटची बस चुकली. घरी फोन केला असता तर आधी 'वेळेवर निघायला काय झालं होतं' ऐकावं लागलं असतं, म्हणून केलाच नाही. रात्रभर वेटिंग रूममध्ये बसलो, फोन चार टक्क्यांवर, खिशात थोडे पैसे, दर वेळी दार वाजलं की दचकायचो. सहा महिन्यांनी आईला सांगितलं तर ती रडली. आता तिचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे, 'कुठे आहेस?' बाकीचं दुसऱ्या दिवशी. काका-काकूंनो, बॅग भरायला नंतर शिकवा, हे आधी ठरवा.

भिरभिरं
उनाडवारा, बाळा, बरं झालं लिहिलंस. आईला नमस्कार सांग.

दवबिंदू
+1. लेकीला हा प्रतिसाद वाचून दाखवला. ती नुसतं 'हो' म्हणाली. म्हणजे काहीतरी झालंय, आणि मला माहीत नाही. रात्री शांतपणे विचारते.

मोरपीस
बॅगेवरून आठवलं. भरलेली बॅग स्वतः उचलून दोन जिने चढून दाखव, एवढीच आमच्याकडे परीक्षा. पहिल्यांदा अर्ध्यात थांबली, बसली आणि तिथेच चार पुस्तकं बाहेर काढली.

परदेशी जाणाऱ्यांसाठी : 18 च्या आतलं मूल एकटं असेल तर बऱ्याच ठिकाणी आईवडिलांचं सहीचं संमतीपत्र मागतात. पासपोर्टची मुदतही बघा, अनेक देशांना पुढचे 6 महिने शिल्लक लागतात. आणि तिथला मदतीचा नंबर निघायच्या आधी पाठ हवा. युरोपीय संघात आणि भारतात 112 आहे, पण जपानमध्ये पोलिसांना 110 आणि रुग्णवाहिकेला 119. फोन लॉक असला तरी हे लागतात.

पाऊलवाट
दवबिंदू ताई, विचारताना दिवा मालवून विचारा. आमची अंधारात जास्त बोलते.

ओलीमाती
कामातून आत्ता वेळ मिळाला, सगळं वाचलं. लेक पुढच्या शनिवारी मावशीकडे एकटी जातेय. तिकीट तिनेच काढलं. मावशीचा आणि माझा नंबर पाठ झाला, बाबांचा अडखळतोय. गाडी 00:10 ची आहे. तारीख मी अजून बघितलेली नाही, हात नुसता शिवशिवतोय.

रानपाखरू
तिकीट बघू नकोस. तिलाच विचार, घरातून कोणत्या वारी, किती वाजता निघायचं.

ओलीमाती
विचारलं. शुक्रवारी रात्री, साडेदहाला म्हणाली.