शब्दचर्चा: चिनूक, वावा, पॉटलॅच

पारंबी
कुमारवयीन मुलांच्या मासिकासाठी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कोलंबिया नदीच्या मुखाजवळच्या मूळ रहिवाशांवर लेख लिहितेय आणि शब्दांपाशी अडलेय. एक तर नाव: चिनूक की शिनूक? दुसरं, 'चिनूक जार्गन' नावाची जी बोली आहे, त्यातल्या जार्गनला काय म्हणू? 'अपभ्रष्ट बोली' लिहायला हात धजत नाही. आणि तिसरं, पॉटलॅच, म्हणजे त्या किनाऱ्यावरचा भेटवस्तू वाटायचा समारंभ. मी 'दानोत्सव' लिहिलं होतं, संपादकांनी शेजारी प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं.

चहाबाज
चिनूक म्हणजे ते पुढे-मागे दोन पंखे असलेलं हेलिकॉप्टर ना? आपल्या हवाई दलाने १५ घेतली, पहिली २०१९च्या मार्चमध्ये चंडीगडला दाखल झाली.

उत्तरेचा_वारा
तेच नाव. मूळ जमातींची नावं हेलिकॉप्टरांना द्यायची अमेरिकी लष्कराची जुनी रीत आहे, अपाची तसंच चिनूक. शिवाय चिनूक नावाचा सामन मासा आहे (सगळ्यांत मोठा, त्यालाच किंग सामन म्हणतात) आणि चिनूक नावाचा वारा. तिन्ही ठिकाणी नाव त्या लोकांवरूनच गेलंय.

वाऱ्याची गंमत अशी, की किनाऱ्याकडच्या वसाहतवाल्यांनी चिनूकांच्या प्रदेशाकडून येणाऱ्या उबदार, दमट वाऱ्याला हे नाव दिलं होतं. पुढे ते रॉकी पर्वताच्या पूर्वेला उतरणाऱ्या कोरड्या, गरम वाऱ्याला चिकटलं. तो बर्फ अक्षरशः खातो. २२ जानेवारी १९४३ला साउथ डकोटातल्या स्पिअरफिशला दोन मिनिटांत पारा उणे २० सेल्सियसवरून ७ वर गेला. तिकडे, आणि कॅनडात आल्बर्टाकडे, या वाऱ्याला 'शिनूक' म्हणणारे पुष्कळ. लोकांच्या नावात मात्र च. त्यामुळे लेखात चिनूक.

माळरान
उच्चाराबद्दल पुढे. हे नाव त्यांचं त्यांनी ठेवलेलं नाही. शेजारचे चेहेलिस लोक, ज्यांची भाषा वेगळ्याच कुळातली, सॅलिश कुळातली, ते नदीमुखाजवळच्या एका गावाला 'त्सिनुक'सारखं काहीतरी म्हणत. व्यापाऱ्यांनी गावाचं नाव सगळ्या लोकांना लावलं. हा सुरुवातीचा ध्वनी आपल्या 'चाक'मधल्या चच्या जवळचा. म्हणजे मराठी माणसाला तो सहज यायला हवा, पण आपल्याकडे इकारापुढे तो च टिकत नाही. 'चोच' म्हणा आणि मग 'चोचीत' म्हणा, दुसरा च आपोआप चिमणीतला होतो. तेव्हा 'चिनूक' लिहा आणि निर्धास्त राहा.

कोलंबियाकाठच्या चिनूक कुळातल्या बाकीच्या लोकांची नावंही द्या: क्लॅटसॉप, कॅथलामेट, क्लॅकमस, वास्को, विशराम. कोणी विशरामचा आपल्या विश्रामाशी संबंध जोडायच्या आत सांगतो: नाही.

चहाबाज
मी जोडणारच होतो :)

सुपारी_कातर
जार्गनसाठी 'व्यापारबोली' सुचवते. 'बाजारबोली'ही चालेल, पण त्याला उगाच हिणकस वास येतो. हे लोक मुळातच व्यापारी होते हे तुमच्या मुलांना सांगाच. १८०५-०६चा हिवाळा लुईस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांच्या तुकडीने त्यांच्या शेजारी काढला. दोघांच्याही रोजनिशीत या लोकांच्या घासाघिशीबद्दल कुरकुर आहे. निळे मणी हवेत, पांढरे नकोत, लाल नकोत. समुद्री ऊदमांजराच्या कातड्याचा एक झगा क्लार्कला हवा होता, तो शेवटी तुकडीसोबतच्या सॅकाजविया या मूळ रहिवासी बाईच्या कमरेचा निळ्या मण्यांचा पट्टा दिला तेव्हाच मिळाला. अशा ठिकाणी व्यापाराची बोली वाढली यात नवल नाही. ती गोऱ्यांच्या आधीपासून होती की त्यांच्या येण्याने घडली, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.

माळरान
'व्यापारबोली' वर्णन म्हणून ठीक आहे. नाव म्हणून 'चिनूक वावा' लिहा, आजचे बोलणारेही तेच म्हणतात. वावा म्हणजे बोलणं. हा शब्दही चिनूकांचा नाही, व्हॅन्कूव्हर बेटावरच्या नू-चा-नुल्थ लोकांचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मराठीत दोन्हींची सरमिसळ झालेली पाहिली आहे. चिनूकांची स्वतःची भाषा वेगळी, भयंकर गुंतागुंतीच्या क्रियापदांची. वावा वेगळी. १८९०च्या सुमारास मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने खालच्या (नदीमुखाकडच्या) चिनूक भाषेतल्या कथा चार्ल्स कल्टी यांच्याकडून उतरवून घेतल्या. ती भाषा उरलेल्या मोजक्या माणसांपैकी ते एक. आणि या दोघांचा आपसांतला संवाद चालायचा वावातून! जुनी भाषा वाचवायचं काम त्या 'जार्गन'च्या खांद्यावर झालं.

शब्दसंग्रह बघा. ब्रिटिश माणूस 'किंग जॉर्ज मॅन'. अमेरिकी माणूस 'बोस्टन', कारण कातड्यांच्या व्यापारासाठी येणारी अमेरिकी जहाजं बोस्टनची. जुन्या मराठी कागदांत टोपीकर (युरोपी), वलंदेज (डच) भेटतात तशीच ही नावं. फ्रेंच शब्द आले ते कातड्यांच्या व्यापारी कंपन्यांच्या कॅनेडियन होडीवाल्यांकडून, आणि ते उपपदासकट, म्हणजे आधीच्या 'ला'सकट, गिळले गेले: 'लापुश' म्हणजे तोंड, 'लामेत्सिन' म्हणजे औषध. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर नदीच्या मुखाशी लापुश नावाचं गाव आहे.

व्याकरण मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. 'मामुक' म्हणजे करणे, आणि तो कशालाही जोडता येतो. 'पाया' म्हणजे आग (इंग्रजी फायर), 'मामुक पाया' म्हणजे शिजवणे. 'कुम्टक्स' म्हणजे कळणे, 'मामुक कुम्टक्स' म्हणजे शिकवणे. आपण फोन करतो, डाउनलोड करतो, तीच युक्ती.

पारंबी
हे फारच उपयोगी. म्हणजे ही कोणाचीच मातृभाषा नव्हती?

माळरान
होती की. १८५६ पासून ऑरेगनमधल्या ग्रँड रोंड राखीव क्षेत्रात वेगवेगळ्या भाषांचे दोन डझनांहून जास्त समूह आणून बसवले गेले. एकमेकांशी बोलायला समाईक भाषा एकच, वावा. तीच घराघरांत शिरली, मुलं तिच्यात वाढली. आज तिथे ती लहान मुलांच्या शाळेत शिकवतात, २०१२मध्ये मोठा शब्दकोशही निघाला. त्याच वर्षी वरच्या (नदीच्या वरच्या अंगाच्या) चिनूक भाषेची, किक्श्टची, अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती वारली.

उत्तरेचा_वारा
मी सिएटलजवळ राहतो, हे शब्द इथे पाट्यांवर भेटतात. अल्काय नावाचा समुद्रकिनारा आहे. १८५१मध्ये तिथे उतरलेल्या वसाहतवाल्यांनी जागेचं नाव ठेवलं 'न्यूयॉर्क अल्काय', म्हणजे न्यूयॉर्क, पण होईल पुढेमागे. आता 'अल्काय' हेच वॉशिंग्टन राज्याचं ब्रीदवाक्य आहे. 'पुढेमागे' हे ब्रीद असलेलं सरकार, आपल्याला परकं वाटू नये.

'स्कूकम' हा आणखी एक. मूळ अर्थ राक्षस, पिशाच्च. मग बलवान. ब्रिटिश कोलंबियात आता 'जबरी' या अर्थाने चालतो. 'स्कूकम चक' म्हणजे जोरकस पाणी, खळाळ. 'स्कूकम हाउस' म्हणजे तुरुंग.

सुपारी_कातर
पॉटलॅचवर कोणीच आलं नाही म्हणून मी. 'दानोत्सव' नको, दानात पुण्य येतं आणि घेणारा खालच्या पायरीवर जातो. आपल्याकडे संक्रांतीला वाण 'लुटतात', दसऱ्याला सोनं 'लुटतात', तो लुटणे जास्त जवळचा. 'लुटवण' कसा वाटतो?

माळरान
शब्द छान, पण अर्धाच बसतो. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, क्वाक्वाकावाक्व वगैरे लोकांत, पॉटलॅचमध्ये कोणाला नाव मिळालं, कोणाला हक्क मिळाला हे जाहीर होतं. पाहुणे साक्षीदार असतात आणि भेटवस्तू घेणं म्हणजे साक्ष मान्य करणं. दप्तर आणि कचेरी एकाच मांडवात. म्हणूनच कॅनडा सरकारला ते खुपलं. १८८५ ते १९५१ कायद्याने बंदी होती, मुखवटे जप्त झाले, लोक तुरुंगात गेले. 'लुटवण'मध्ये हे येत नाही. पॉटलॅच तसाच ठेवा आणि दोन ओळी समजावून सांगा.

वावात मात्र 'पॉटलॅच' म्हणजे साधं देणे, मीठ दे, पाणी दे. आणि परतफेडीची अपेक्षा नसलेली भेट म्हणजे 'कल्टस पॉटलॅच'. कल्टसचा अर्थ निरुपयोगी, वाया गेलेला, आणि उगाच, मोफतही. आपला 'फुकट' दोन्हीकडे चालतो: पैसे फुकट गेले, तिकीट फुकट मिळालं. इतका नेमका जुळणारा शब्द मला दुसऱ्या भाषेत सापडलेला नाही.

पारंबी
'चिनूक इंडियन नेशन'ला काय? जमात, टोळी, राष्ट्र?

उत्तरेचा_वारा
टोळी मुळीच नको, टोळी दरोडेखोरांची. 'चिनूक लोक' लिहा आणि संस्थेचं नाव जसंच्या तसं, कारण तिथे 'नेशन' हा त्यांचा दावा आहे. १८५१मध्ये त्यांच्याशी झालेले करार सिनेटने मंजूरच केले नाहीत. २००१च्या जानेवारीत संघराज्य सरकारची मान्यता मिळाली आणि २००२मध्ये ती काढून घेतली. १८३० नंतरच्या हिवतापाच्या साथींत नदीकाठची गावंच्या गावं ओस पडली होती, त्यामुळे 'तुम्ही सलग समाज म्हणून टिकलात याचा पुरावा द्या' ही अट त्यांच्यासाठी किती जाचक, ते मुलांनाही कळेल.

सुपारी_कातर
एक सावधगिरी, पारंबीताई. जुन्या इंग्रजी पुस्तकांत मूळ रहिवाशांसाठी 'सायवॉश' शब्द येतो, तोही वावातलाच, फ्रेंच 'सोव्हाज' म्हणजे रानटी यावरून आलेला. आज ती शिवी आहे. उताऱ्यात आला तर वगळा. माणसांसाठी वावातलाच 'टिलिकम' आहे: लोक, आप्त, मित्र. मी 'मंडळी' लिहिलं असतं.