सरकारी निधीतून देवळाचा सभामंडप बांधावा का?

गोदाकाठ (परभणी)
आमच्या गावात मारुतीपुढं आमदार निधीतून सभामंडप झाला. शेजारीच अंगणवाडी. पाऊस आला की सेविकाताई लेकरांना कोरड्या कोपऱ्यात सरकवतात, खिचडीचं पातेलं गळतीखालून उचलतात. मी दर शनिवारी मारुतीला तेल घालतो, तरी हे पटत नाही. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखलेला कर द्यायची सक्ती कुणावरही करता येत नाही, असं संविधानाचं कलम २७ सांगतं. निधीत तर बौद्धवाड्यातल्या अन् मुसलमान गल्लीतल्या काडेपेटीवरचाही कर आहे.

धाराशिवकर
भाऊ, मंडपात नुसतं कीर्तनच होतं का? लग्नं, तेरावं, ग्रामसभा सगळं तिथंच. हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सांगितलं, की कराचा अल्पसा भाग असा खर्च झाला तर कलम २७ मोडत नाही. अन् सरकार देवळापासून लांब आहे कुठं? तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच. भक्तांच्या दानपेटीवर सरकारची देखरेख चालते, मग देवळाला सरकारचा पैसा का चालू नये?

गोदाकाठ
दानपेटीचं बोललात ते रास्त आहे. सरकारनं हिशोब तपासावा, कारभारी होऊ नये. पण कलम मोडत नाही म्हणून करावंच असं थोडंच आहे? हज अनुदानही २०१८ साली बंद झालंच की.

ग्रामसभेचं म्हणाल तर डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. गेल्या खेपेला बचत गटाची एक ताई पाळी आली म्हणून पायरीखालीच थांबली. घरकुलाचा अर्ज तिचाच होता. नाव पुकारलं, तिनं खालूनच ओ दिली, ती माइकच्या आवाजात कुणाला ऐकूच गेली नाही. शेख चाचा कडेला उभे होते, शेवटपर्यंत टेकले नाहीत.

बालाघाटची लेक (बीड)
दादा, आमच्याकडं सप्त्याला घरटी पायलीभर गहू निघतात. ज्याला द्यायचे तो देतो, नाही त्याला कुणी विचारत नाही. पंगत कधी अडली नाही. मंडपही तसाच होऊ द्या.

धाराशिवकर
ताई, सोयाबीन मातीमोल गेलं त्या साली वर्गणी कुणाकडं मागायची? बागायतदारांच्या गावाला संगमरवरी देऊळ होईल, आमच्या तांड्यावरचे सेवालाल महाराज पत्र्याखालीच राहतील. म्हणून निधीचं माझं म्हणणं कायम आहे. पायरीखालच्या ताईचं मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ग्रामसभा शाळेत भरवा, त्या ठरावाला माझा हात वर.