आधी ब्रेक ऑइल बदला

सस्पेन्शन बदलल्याशिवाय स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, स्पोर्ट्स कार ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवशी) नेऊ नये, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. पहिल्यांदाच जाताय, तर गाडी आहे तशीच न्या आणि त्या पैशात शेजारी बसून शिकवणारा इन्स्ट्रक्टर घ्या.

एक गोष्ट मात्र टाळू नका: ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ या दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की हीच मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. रोजच्या रस्त्यावर हे कळतही नाही. ट्रॅकवर लांब स्ट्रेटच्या (सरळ पट्ट्याच्या) शेवटी लागोपाठ जोरात ब्रेक लागतात, ऑइल उकळतं, बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग पेडल खाली जातं आणि गाडी मात्र थांबत नाही. पेडल जरासं मऊ लागलं तरी वेग कमी करा आणि सरळ पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागी, या.

शेवटचा लॅप सावकाश, शक्यतो ब्रेक न लावता काढा. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. डिस्क अजून तापलेल्या असतात.

टायरची हवा पिटमध्ये आल्या आल्या, गरम असतानाच मोजा. जास्त झालेली थोडी काढा आणि घरी निघण्याआधी पुन्हा भरा. व्हील नटही टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने नट आवळायच्या पान्याने) तपासा, हे बरेच जण विसरतात.