फलक वाघाला नको, कलिंगडाला लावा

परदेशी प्रेक्षकांसाठी प्रत्येक मिन्ह्वा (कोरियन लोकशैलीतल्या) चित्राशेजारी लांबलचक माहितीफलक हवाच, असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. या चित्रांतला मॅगपाय पक्ष्याकडे बघणारा तिरळा, बावळट वाघ बघून कुणालाही हसू फुटतं. त्यात उमरावांची खिल्ली आहे असं मानतात, एवढी एक ओळ पुरे.

पण सगळे वाघातच अडकलेत, चेकगोरीचा विषयच कुणी काढला नाही. पुस्तकांच्या मांडणीची ही चित्रं. १७९१ मध्ये कोरियाचा राजा जोंगजोने सिंहासनामागे अशाच चित्राचा पडदा लावला होता. पुढे ही हौस सामान्यांच्या घरात उतरली. तिथल्या चित्रांत मेजाची मागची कड पुढच्यापेक्षा रुंद, पुस्तकांशेजारी चष्मा आणि चक्क कापलेलं कलिंगड! भरपूर बिया म्हणजे भरपूर मुलंबाळं. हे मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही (मलाही कळलं नव्हतं), तिथे तुमचा फलक खुशाल लावा.