कार्यक्रमांच्या सूचना: एकच ऑनलाइन कॅलेंडर ठेवून नोटीस बोर्ड बंद करावा का?

वेळापत्रक
पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत कार्यक्रमाची सूचना चार वाटांनी येते: नोटीस बोर्ड, वर्गात फिरणारी नोटीस, सीआरचा (वर्ग प्रतिनिधीचा) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि इन्स्टाग्राम. चार ठिकाणी चार तपशील असतात. माझं म्हणणं असं की मूळ सूचना एका ऑनलाइन कॅलेंडरवर असावी, ग्रुपवर फक्त त्या नोंदीची लिंक जावी आणि कागद पूर्ण बंद करावा.

पहिली सूचना सहसा बरोबर असते, घोळ होतो तो बदलाचा. हॉल बदलतो, वेळ अर्ध्या तासाने पुढे जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांतच दुरुस्त करता येतो. नंतर नवा टाकावा लागतो, आणि जुना तोवर इतर ग्रुपांत पोचलेला असतो. पोस्टरचं त्याहून वाईट. चित्रातली लिंक नुसती दाबून उघडत नाही, ग्रुपमध्ये शब्द टाकून शोधलं तर ते सापडत नाही, आणि साल लिहिलेलं नसेल तर गेल्या वर्षीचं पोस्टर यंदा पुन्हा फिरतं.

गूगल कॅलेंडरवर ‘कार्यक्रम’ नावाचं वेगळं कॅलेंडर काढा, ते सगळ्यांना दिसेल असं ठेवा आणि बदलायचा अधिकार दोघांनाच द्या: एक कार्यालयातली व्यक्ती, एक विद्यार्थी प्रतिनिधी. खातं कॉलेजचं हवं. विद्यार्थ्याच्या खात्यावर केलं, तर तो पास होऊन गेला की पासवर्डही गेला. नोंदीत वार, तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, इमारत, मजला, हॉल, नोंदणीची शेवटची तारीख. हॉल बदलला की तीच नोंद बदला. लिंक जुनीच राहते, तपशील नवा दिसतो.

काचेचा_फलक
ठाम असहमत. कॅलेंडर करा, पण कागद बंद करू नका.

पहिली अडचण कॅलेंडरचीच आहे. लिंक देऊन कॅलेंडर जोडायला संगणकावरचा ब्राउझर लागतो. फोनच्या अ‍ॅपमध्ये ती सोय नाही. म्हणजे ज्याच्याकडे फक्त फोन आहे तो पहिल्याच पायरीला अडला. दुसरं, आठवणीची घंटा ज्याची त्याने लावायची असते. तुम्ही तुमच्याकडे एक दिवस आधीची लावली म्हणून वाचणाऱ्याच्या फोनवर ती वाजत नाही. ग्रुपचंही तसंच. एका ग्रुपात १,०२४ च माणसं मावतात, आणि तिथे प्रत्येकीचा नंबर अनोळखी शेकडोंना दिसतो. बऱ्याच मुली त्याच कारणाने ग्रुप सोडतात आणि मग सूचनेलाही मुकतात.

काचेच्या फलकासमोरून माणूस दिवसातून चार वेळा जातो. ते वाचायला ना नेट लागतं, ना नंबर द्यावा लागतो. फलक वाचला जात नाही, कारण तो नीट लावला जात नाही. ए-४ कागदावर १२ च्या टाइपात अख्खं परिपत्रक, ‘वरील विषयास अनुसरून’पासून सुरू होणारं, आणि तारीख सातव्या ओळीत. तारीख, वेळ, जागा सगळ्यात वर घ्या, दोन मीटरवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात. कागद ए-३ घ्या. खाली उजव्या कोपऱ्यात ‘फलकावरून काढण्याची तारीख’ लिहा. ती नसल्यामुळेच ऑगस्टची सूचना डिसेंबरपर्यंत लटकते आणि लोक फलकाकडे बघणंच सोडतात.

क्यूआर कोड लावणार असाल तर जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या एक दशांश रुंदीचा हवा: एका मीटरवरून असेल तर १० सेंटिमीटर. चारी बाजूंनी पांढरी कड सोडा. आणि टाचणी कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनात अजिबात टोचू नका. कोडचा मधला भाग थोडा खराब झाला तर चालून जातं, पण फोन कोड ओळखतो तो त्या तीन चौकोनांवरून. ट्यूबलाइटखाली काच चमकते, तिथेही तो लागत नाही.

तालीम_हॉल
दोघेही माध्यमावर भांडताय. कार्यक्रम रिकामे जातात ते तारखेमुळे.

आपल्या शहराचं पंचांग वेगळं आहे. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, तेव्हा फर्ग्युसन रस्त्यावरून वाट काढणंसुद्धा अवघड. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे चारही रस्ते मिरवणुकीचे. हे दिवस तिथीवर चालतात. गणेश चतुर्थी २०२५ ला २७ ऑगस्टला होती, २०२६ ला १४ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ. गेल्या वर्षीचं कॅलेंडर कॉपी करून तारखा एक-दोन दिवस सरकवणारे इथेच फसतात.

पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या भरत नाट्य मंदिरात सुरू असतात तेव्हा तर कॉलेजची नाटकाची टीम, प्रकाशयोजनेची मुलं, बॅकस्टेज, शिवाय बघायला जाणारा वर्ग असे सगळे संध्याकाळी तिकडे असतात. त्या आठवड्यात संध्याकाळी पाचचं व्याख्यान ठेवलं, तर सूचना कितीही छान असो, हॉल भरणार नाही.

म्हणून आधी तारीख अडवण्याचा कागद हवा. कार्यक्रमाच्या २१ दिवस आधी तारीख आणि हॉल अडवायचा, १० दिवस आधी पूर्ण सूचना. १० दिवसांच्या आत आलेली सूचना लावायचीच नाही.

छोटं_मंडळ
२१ आणि १० हा हिशोब स्नेहसंमेलनाला ठीक आहे. काव्यवाचन, पक्षिनिरीक्षण, गणित मंडळाचं ४० मिनिटांचं भाषण यांना तो मारक आहे. पाहुणे प्राध्यापक अनेकदा चार दिवस आधी ‘गुरुवारी पुण्यात आहे, येतो’ असं कळवतात. नियमावर बोट ठेवलं तर ते भाषण होणारच नाही.

त्यापेक्षा माणसं किती येणार त्यावर मुदत ठरवा. एका वर्गात मावणारा, बाहेरच्यांना प्रवेश नसलेला कार्यक्रम: ३ दिवस. सभागृह लागणारा: १० दिवस. मांडव, बाहेरचे प्रेक्षक, उघड्यावर ध्वनिक्षेपक: २१ दिवस, कारण पोलीस परवानगीसाठीच तेवढा वेळ हाताशी असावा. उघड्यावरच्या कार्यक्रमात संपण्याची वेळ छापलीच पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सूचनेत नुसतं ‘सायं. ७ पासून’ असलं की शेवटचा गट पावणेदहाला मंचावर चढतो आणि त्याला मध्येच थांबवावं लागतं. त्या मुलांनी महिनाभर तालीम केलेली असते.

वेळापत्रक
फोनवरून कॅलेंडर जोडता येत नाही, ही अडचण खरी आहे. कागद बंद करण्याचा मुद्दा मी मागे घेतो. ३-१०-२१ ही विभागणीही मान्य.

पण कागद आणि कॅलेंडर जुळायला हवेत. त्यासाठी प्रत्येक सूचनेला क्रमांक आणि बदलाचा आकडा द्या: ‘सूचना ३७, बदल २’. कार्यालयात जावक क्रमांक पडतोच, तोच वापरा. फलकावर ‘बदल १’ दिसला आणि कॅलेंडरवर ‘बदल २’, तर कागद जुना आहे हे कुणालाही न विचारता कळतं. ग्रुपवरही तोच क्रमांक.

काचेचा_फलक
हे मान्य. मात्र फलकाच्या कुलपाची किल्ली एकाच शिपायाकडे असते आणि शनिवारी दुपारी कार्यालय बंद होतं. सोमवारी सकाळच्या कार्यक्रमाचा हॉल शनिवारी संध्याकाळी बदलला तर ‘बदल २’ लावणार कोण? दुसरी किल्ली ग्रंथालयाच्या काउंटरवर सहीच्या वहीसकट ठेवा, कारण ते कार्यालयापेक्षा उशिरापर्यंत उघडं असतं.

तालीम_हॉल
किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती दिली की पहिल्या आठवड्यात फलकावर क्लासच्या जाहिराती लागतील. वहीत सही प्राध्यापकाचीच हवी.