ब्रिटिश पेपर: मालक वाचकाला वळवतो, की वाचक मालकाला?

चौकस: ११ एप्रिल १९९२. अंदाज चुकवून जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष निवडून आला, आणि ‘द सन’ने पहिल्या पानावर, मुद्दाम गावरान इंग्रजीत छापलं की हे सननंच जिंकून दिलं. ही नुसती शेखी होती असं मला वाटत नाही. मर्डोक यांच्याकडे सन आणि टाइम्स, लॉर्ड रॉदरमियर यांच्याकडे मेल, मेट्रो आणि ‘आय’ हे पेपर. टीव्हीच्या बातम्यांना निःपक्षपाताचं बंधन आहे, पेपरांना नाही. मग चार शेठजींनी देशाचं मत ठरवलं तर नवल काय?

गिरगावचा आहे: मालक एक आणि मत एक, हे गृहीतच चुकलंय. २०१६ च्या सार्वमतात डेली मेल म्हणाला युरोपातून बाहेर पडा, त्याच घरातला मेल ऑन संडे म्हणाला राहा. टाइम्स ‘राहा’, संडे टाइम्स ‘पडा’. मिरर पक्का मजूर पक्षाचा, एक्सप्रेस उजवा. २०१८ पासून दोन्ही रीच कंपनीचे. एकाच दुकानात राजगिऱ्याचे लाडूही आणि सुकटही. गिऱ्हाईक मागेल ते.

चौकस: मग मजूर पक्षाचे नेते ब्लेअर जुलै १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर मर्डोक यांच्या कंपनीच्या मेळाव्यात भाषण द्यायला का गेले? विरोधी पक्षनेता गिऱ्हाइकासाठी एवढा लांब जातो होय? मार्च १९९७ मध्ये सन त्यांच्या बाजूने उभा राहिला.

गिरगावचा आहे: तेव्हा ब्लेअर जिंकणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. २०२४ मध्ये तर सनने मजूर पक्षाला पाठिंबा दिला मतदानाच्या आदल्या दिवशी! वरात दारात आल्यावर पुढे नाचायचं आणि सांगायचं, लग्न मीच जमवलं. उलट २०१७ बघा. मतदानाच्या आदल्या दिवशी मेलने मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन आणि मंडळींना झोडपायला १३ पानं खर्च केली. बहुमत कोणाचं गेलं? हुजूर पक्षाच्या थेरेसा मे यांचं.

मर्सीकाठी: मी सहा वर्षं लिव्हरपूलला होतो. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात सन मागितला. काउंटरवर मेल, मिरर, एको यांच्या चवडी. म्हातारा दुकानदार सुट्टे मोजता मोजता थांबला. “इथे नाही ठेवत, बाळा.” बस, एवढंच. कारण नंतर कळलं. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरो फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक गेले. चार दिवसांनी सनने ‘सत्य’ अशा मथळ्याखाली छापलं की प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले. धादांत खोटं. २०१६ च्या ज्युरीने प्रेक्षकांना निर्दोष ठरवलं. बहिष्कार अजून चालू आहे.

आता मुद्द्याचं. फूस आणि बिशॉफ या अभ्यासकांनी २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं: सन वाचणं सुटल्यावर मर्सीसाइडमधला, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासचा, युरोपविरोध देशातल्या इतर भागांच्या तुलनेत घटला. लिव्हरपूल शहरात ५८ टक्के मतं ‘राहा’ला पडली. म्हणजे चौकसराव, तुमच्या बाजूने पुरावा आहे, आणि तो तुम्हीच दिला नाहीत!

गिरगावचा आहे: थांबा. नोझ्ली आणि सेंट हेलन्स कुठे आहेत? मर्सीसाइडमध्येच. दोन्हीकडे ‘बाहेर पडा’ जिंकलं.

मर्सीकाठी: घटला म्हटलंय हो, संपला नाही.

चौकस: आभार, माझी वकिली तुम्हीच केलीत. गिरगावकरांना एकच विचारतो. पेपर जर वाचकाच्या मागे फरफटत जाणारं दुकान असेल, तर अबुधाबीचा पैसा टेलिग्राफ या उजव्या पेपरात येतोय म्हटल्यावर हुजूर पक्षाचे खासदार एवढे का हादरले? २०२४ मध्ये परकीय सरकारांच्या मालकीविरुद्ध घाईघाईने कायदा केला. दुकानासाठी कोणी कायदा करतं का?

गिरगावचा आहे: कारण टेलिग्राफचं गिऱ्हाईक तेच आहेत.